मूकपटातला दगा: प्रेक्षकाला आधी कळावा की शेवटी?

माळरान

नमस्कार मंडळी. १२ मिनिटांच्या मूकपटाची संहिता तयार आहे, त्याबद्दल विचारायचं आहे. काळ १९२०च्या आसपासचा, गाव घाटावरचं. तरुण विधवा, तिची दोन एकर जमीन आणि नवऱ्याचा जिवाभावाचा मित्र. मित्र तिला धीर देतो, अडचणीला पन्नास रुपये देतो आणि पावती म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. पुढे त्याच कागदाचं खरेदीखत होतं आणि जमीन जाते. शेवटी गावासमोर त्याचं बिंग फुटतं.

वाचताना गोष्ट ठीक वाटते. तालमीतल्या चित्रीकरणाचे तुकडे जोडून पाहिल्यावर तीन दोष ठळक दिसतात. मित्र पहिल्याच प्रसंगात खलनायक वाटतो, त्यामुळे बाई भाबडी नव्हे, मूर्ख दिसते. पाट्या, म्हणजे मध्ये मध्ये पडद्यावर येणारा लिहिलेला मजकूर, तब्बल ४१ झाल्या आहेत. आणि जमीन गेल्याचं तिला कळतं त्या जागी बघणारे हसतात.

मूळ प्रश्न असा की त्याचा डाव प्रेक्षकाला आधी दाखवावा, की तिच्याबरोबरच कळू द्यावा? जुन्या मूकपटांत हे कसं सोडवलंय? नुसती नावं नकोत, नेमकं काय बघायचं तेही सांगा.

---

जुनीरिळं

आधी दाखवा. मूकपटातल्या मेलोड्रामाची सगळी ताकद यात आहे की फसणाऱ्याला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे. धक्का एकदाच बसतो, तीन सेकंदांत विरतो. आधी कळलेला दगा मात्र पुढच्या प्रत्येक साध्या कृतीला धार लावतो. ती त्याला पाणी देते, त्याच्यासाठी पाट मांडते, आणि आपला जीव वरखाली होत राहतो.

यासाठी सगळ्यात आधी ग्रिफिथचा १९२०चा 'वे डाउन ईस्ट' बघा. ॲना मूर (लिलियन गिश) ही गरीब मुलगी. लेनॉक्स सँडरसन (लॉवेल शर्मन) हा श्रीमंत लंपट तिच्याशी खोट्या पाद्र्याकरवी खोटं लग्न लावतो. लग्न खोटं आहे हे आपल्याला तेव्हाच ठाऊक असतं, ॲनाला नसतं. ग्रिफिथ या विधीच्या मध्ये दूरच्या शेतावर झोपलेल्या डेव्हिडचं (रिचर्ड बार्थेलमेस) दचकून जागं होणं जोडतो. दोघांची अजून ओळखसुद्धा नाही. कथेच्या तर्कात ते बसत नाही, पण त्या एका कटमुळे विधीच्या साजरेपणाखाली सुरुंग पेरला जातो.

पुढचा भाग तुमच्या कामाचा आहे. ती गरोदर असल्याचं सांगते तेव्हा तो लग्न खोटं होतं हे कबूल करतो. मूल जन्मतं आणि मरतं, घरमालकीण तिला हाकलते, ती बार्टलेटांच्या शेतावर कामाला लागते. आणि सँडरसन तिथला शेजारचा जमीनदार निघतो. आता ॲनाला माहीत आहे, सँडरसनला माहीत आहे, आपल्याला माहीत आहे. बार्टलेट कुटुंबाला माहीत नाही. म्हणजे गोष्ट तीच राहिली, अज्ञान एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकलं. मग घरमालकीण तिला ओळखते, गावातल्या चहाडखोर बाईला सांगते, तिच्याकडून ते म्हाताऱ्या बार्टलेटच्या कानी जातं. तो ॲनाला घराबाहेर काढतो, आणि ती जाण्याआधी त्याच्याच पंगतीला मानाचा पाहुणा म्हणून बसलेल्या सँडरसनकडे बोट दाखवते. बर्फाच्या लाद्यांवरचा पाठलाग जगप्रसिद्ध आहे, पण माझ्या मते चित्रपटाचा खरा कळस हा जेवणाच्या टेबलावरचा आहे.

तुम्ही एक करा. आडवा कागद घ्या, चार रकाने आखा: प्रेक्षक, ती, तो, गाव. प्रत्येक प्रसंगापुढे लिहा, या प्रसंगानंतर कोणाला काय नवं कळलं. ज्या प्रसंगात एकाही रकान्यात काही बदलत नाही तो प्रसंग काढून टाका. १२ मिनिटांत साधारण अशी वाटणी बसेल: पहिली अडीच मिनिटं मित्रावर आपलाही विश्वास बसावा, मग अर्ध्या मिनिटात फक्त आपल्याला डाव दिसावा, आठव्या मिनिटाला तिला कळावं आणि अकराव्याला गावाला. तिला कळणं आणि गावाला कळणं यांत तीन मिनिटांचं अंतर हवंच. तिचं कोणी ऐकत नाही तो काळ तोच.

आता डाव दाखवायचा कसा. स्ट्रोहाइमच्या १९२२च्या 'फूलिश वाइव्ह्ज'मध्ये स्वतः स्ट्रोहाइम खोटा रशियन काउंट झालाय. मोलकरणीची साठवलेली पुंजी त्याला हवी आहे. तो टेबलावर डोकं टेकवून रडल्याचं सोंग करतो, बोटं वाडग्यातल्या पाण्यात बुडवतो आणि टेबलक्लॉथवर थेंब थेंब सोडतो. मोलकरणीला अश्रू दिसतात, आपल्याला वाडगा. एकही पाटी लागत नाही, भुवया उंचावण्याची गरज नाही. फसवणूक हातांनी केलेलं काम म्हणून दिसते. हे नीट शिकून घ्या: खोटेपणा चेहऱ्यावर ठेवला की नट अतिरेक करतो, वस्तूवर ठेवला की नट शांत राहू शकतो.

तुमच्या मित्राने म्हणूनच पहिल्या प्रसंगात काहीही सूचक करू नये. मिशीला पीळ नको, तिरका कटाक्ष नको. अंगठा घेऊन झाल्यावर ती वळून आत जाते. तो कागद हवेत धरून वाळवतो, घडी घालतो आणि खिशातला दुसरा, लिहिलेला पावतीचा कागद दिव्यावर जाळतो. बस, एवढंच. चेहरा कॅमेऱ्याकडे, तिची पाठ मागे दारात. ती आणि तो कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर नकोत: तो कॅमेऱ्यापासून पाचेक फुटांवर, ती पंधरा फुटांवर. दोघं शेजारी ठेवलेत तर ‘हिला दिसलं कसं नाही’ असा प्रश्न येतो, आणि बाई मूर्ख दिसण्याचं तुमचं दुखणं बहुधा तिथलंच आहे.

थांबून बघावा असा नट म्हणजे सेस्यू हायाकावा, 'द चीट' (१९१५, दिग्दर्शक सेसिल डिमिल). आजूबाजूचे सगळे हातवारे करत असताना हा माणूस जवळजवळ हलत नाही, आणि पडदा त्याच्याच ताब्यात राहतो.

---

कात्रीबाई

पाट्यांबद्दल. ४१ पाट्या सरासरी पाच सेकंद धरल्या तर २०५ सेकंद होतात, म्हणजे ७२० सेकंदांतला चौथ्या हिश्शाहून जास्त वेळ प्रेक्षक चित्र न बघता वाचतोय. २०–२२ वर आणा. ११० सेकंद, साधारण १५ टक्के. एवढं सोसतं.

कुठल्या काढायच्या? चित्रात दिसतंय तेच सांगणारी प्रत्येक पाटी काढा. लोक हसतात त्याचं एक कारण इथंच असावं. ‘माझा घात झाला!’ अशी पाटी, लगेच कपाळावर हात मारणारी बाई, आणि पुन्हा पाटी, असं असेल तर तीच बातमी तीनदा दिली जाते, तिसऱ्या वेळी हसू येतंच. त्या जागी पाटी ठेवू नका. कळण्याचा क्षण पूर्ण चेहऱ्यावर, आठ ते दहा सेकंद, न कापता. हातसुद्धा फ्रेमच्या बाहेर ठेवा.

उलट खोटं बोलणाऱ्याच्या तोंडची पाटी जरूर ठेवा. ‘वहिनी, मी आहे ना.’ ही पाटी पहिल्यांदा खरी वाटते. कागद जाळल्यानंतर दुसऱ्यांदा आली की अंगावर काटा येतो. तेच शब्द, तसंच अक्षर, तेवढाच वेळ. संकलनात फरक करायचा मोह होईल, करू नका.

वेळ मोजायची पद्धत: पाटी मोठ्याने, सावकाश वाचा, दीडपट करा. चार शब्दांना तीन सेकंद, दहा शब्दांना सहा-साडेसहा. बारापेक्षा जास्त शब्द झाले तर वाक्य मोडा. देवनागरीत दोन गोष्टी बिघडतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. अक्षराच्या उंचीच्या किमान दीडपट अंतर ठेवा. आणि बारीक शिरोरेषेचा टाइप पडद्यावर थरथरतो, म्हणून जाड वळणाचाच घ्या. पांढरं अक्षर पूर्ण पांढरं नको, किंचित राखाडी. नाहीतर अंधाऱ्या प्रसंगानंतर डोळे दिपतात.

मुर्नाउच्या 'सनराइज'मध्ये (१९२७) पाटीच अभिनय करते. शहरातली बाई शेतकऱ्याला त्याच्या बायकोला बुडवायचं सुचवते, आणि त्या वाक्याची अक्षरं पडद्यावरून खाली बुडत जातात. असं एकदाच करायचं असतं. तुमच्या १२ मिनिटांत अशी एक जागा मिळाली तर बघा, दोन नकोत.

आता कागद. तुमच्या कथेत एक मोठं भोक आहे आणि ते कथेतच बुजवायला हवं. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकायची तर खरेदीखत नोंदवावं लागे, १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासूनचा तो नियम आहे. साध्या कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याने दोन एकर जमीन नावावर होत नाही. लिहून देणाऱ्याला दुय्यम निबंधकापुढे कबुली द्यावी लागते. जाणकार प्रेक्षक तिथंच अडेल. म्हणून खरेदीखत करू नका, कर्जरोखा करा. पन्नासाचे पाचशे लिहायचे, रोख्यावर दावा, हुकूमनामा, जप्ती, लिलाव, आणि लिलावात त्याच मित्राची बोली. दख्खनच्या खेड्यात हे ओळखीचं दुःख आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखेच जाळले होते, कारण गळफास त्या कागदांत होता. त्यानंतर १८७९चा कायदा आला आणि रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासायची मुभा न्यायालयाला मिळाली. पण अडाणी बाईने दाव्याला हजरच राहू नये अशी व्यवस्था मित्राने केली तर एकतर्फी हुकूमनामा होतो. समन्स आल्यावर ‘मी बघतो वहिनी’ म्हणून कागद स्वतःकडे ठेवून घेणं, हा एक प्रसंग पुरेसा आहे.

आणि याचा पडद्यावर फायदा बघा. आधी दहाच्या पाच नोटा तिच्या हातात मोजल्या जाताना जवळून दाखवा. नंतर रोख्यावर ‘५००’ हा आकडा जवळून दाखवा. पाटी लागत नाही, पूर्ण दगा दोन तुकड्यांत कळतो.

---

छायाप्रकाश

वेगाबद्दल कोणीच बोललं नाही, आणि हसण्याचं दुसरं कारण तेच असू शकतं. मूकपट म्हणजे भराभरा चालणारी माणसं, असा समज जुनी रिळं चुकीच्या वेगाने दाखवल्यामुळे झालाय. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे १६ स्थिर चित्रं. कॅमेऱ्याच्या दांड्याच्या एका फेऱ्यात ८ चौकटी, म्हणजे सेकंदाला दोन फेरे मारले की १६. हजार फुटांचं रीळ १६च्या वेगाने १६ मिनिटं ४० सेकंद चालतं. तेच २४ने चालवलं तर ११ मिनिटं ७ सेकंदांत संपतं. दीडपट वेग. दीडपट वेगाने रडणारी बाई कोणालाही विनोदी दिसेल. प्रत्यक्षात विशीच्या दशकात चित्रणाचा वेग वाढत गेला होता आणि दाखवतानाचा वेग बहुधा त्याहून थोडा जास्तच असे.

तुम्ही ‘जुनं वाटावं’ म्हणून संगणकावर सगळं वेगवान केलं असेल तर ते आधी काढा. बाहेरची चाल, बाजार, बैलगाडी एवढंच २२ चौकटींनी चित्रित करून २४ने चालवा, म्हणजे नऊ टक्के वेग वाढेल. जवळचे चेहरे २४लाच चित्रित करा. २४ने घेतलेल्यातून नंतर चौकटी गाळू नका, हालचाल अडखळते आणि ती अडखळ डोळ्याला लगेच कळते. ओरखडे आणि धुळीचा थरही नको. त्या काळच्या प्रेक्षकाने पाहिलेली नवी प्रत स्वच्छ असे.

काळ्या-पांढऱ्याचा पोत मात्र महत्त्वाचा. १९२०च्या सुमाराला वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल वस्तू काळी दिसे, निळं आभाळ पांढरंफटक. सर्व रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास झाली ती विशीच्या उत्तरार्धात. तुम्ही रंगीत चित्रित करून रंग काढताना लाल वाहिनी (चॅनल) जवळजवळ शून्यावर ठेवा (५ ते १० टक्के), हिरवी ५५च्या आसपास, उरलेली निळी. मग कुंकू ठसठशीत काळं येतं, लाल लुगडं काळं येतं. सुरुवातीला नवरा जिवंत असतानाचा एखादा तुकडा असेल तर तिच्या कपाळावरचा काळा ठिपका आणि नंतरचं मोकळं कपाळ हा फरक लांबूनही वाचता येतो.

यात बिघडतं ते असं: आपली त्वचा लाल प्रकाश जास्त परावर्तित करते, लाल वाहिनी काढली की चेहरे काळवंडतात, डाग-वांग उठून दिसतात. त्यासाठीच तेव्हाचे नट जाड रंग लावत. तुम्ही हलकी पिवळसर पावडर एकसारखी लावा, ओठांना लाल काही लावू नका, आणि चेहऱ्यावर प्रकाश नेहमीपेक्षा अर्धा-एक स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).

रंगछटा द्यायच्या तर रात्रीला निळी, दिव्याच्या उजेडाला अंबर, हे तेव्हाचे रूढ संकेत होते. टिंटिंगमध्ये पूर्ण फिल्म रंगात बुडवलेली असे, म्हणून पांढरा भाग रंगीत होतो आणि काळा काळाच राहतो. टोनिंगमध्ये उलटं: चांदीचा रंग बदलतो, काळा भाग रंगीत आणि पांढरा पांढराच. संगणकावर लोक सगळ्यावर सारखा रंग फासतात आणि काळाही निळसर होतो. टिंट हवा असेल तर रंगाचा थर ‘मल्टिप्लाय’ या मिश्रणपद्धतीने टाका, म्हणजे काळं काळंच राहतं.

एक छोटी सूचना. कागद जाळताना खोली निळी आणि ज्योत लागताच अंबर करण्याची कल्पना सुचेल. करून बघायला हरकत नाही, पण बदल कटवर करा, तुकड्याच्या मध्यात नको. टिंट वेगवेगळे तुकडे वेगळे रंगवून जोडलेला असे, मध्येच हळूहळू बदलत नसे.

---

डबाबंद

चित्रपट बघा म्हणून सांगितलंय खरं, पण कुठली प्रत बघताय ते तपासा. पाट्या बदलल्या की दगाबाज बदलतो, इतकं हे माध्यम पाट्यांवर टेकलेलं आहे.

'द चीट'चंच घ्या. एडिथ (फॅनी वॉर्ड) रेडक्रॉसचे दहा हजार डॉलर सट्ट्यात घालवते. ते भरून काढायला एका श्रीमंत परदेशी माणसाकडून, त्याच्या अटीवर, दहा हजार घेते. मग नवऱ्याचा सौदा यशस्वी होतो, ती पैसे परत करायला जाते, तो घेत नाही आणि आपल्या वस्तूंवर उमटवायची तापलेली मुद्रा तिच्या खांद्यावर दाबतो. ती त्याला गोळी घालते, नवरा आळ स्वतःवर घेतो. १९१५मध्ये हा माणूस जपानी होता, नाव हिशुरू तोरी. पहिल्या महायुद्धात जपान दोस्त राष्ट्रांच्या बाजूने होता, जपानी-अमेरिकनांनी निषेध केला होता. १९१८च्या पुनर्प्रदर्शनात पाट्या बदलून त्याला ब्रह्मदेशचा हस्तिदंताचा राजा केलं, नाव हाका अराकाउ. चित्र तेच, कपडे तेच, कागदी सरकती दारंही तीच. आज फिरणाऱ्या प्रती बहुतेक या दुसऱ्या रूपातल्या आहेत. मात्र सर्वांत मोठी फसवणूक एडिथने केलेली आहे आणि शिक्षेचा सगळा भार परक्या वंशाच्या माणसावर टाकून चित्रपट तिला मोकळी करतो. शेवटच्या कोर्टातल्या जमावाच्या प्रसंगात हा वंशद्वेष उघडा दिसतो. चित्रपटाची प्रकाशयोजना वाखाणताना हे नजरेआड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या कामाचा तुकडा गोळीबाराचा: नवऱ्याला बाहेरून कागदी भिंतीवर फक्त सावली कोसळताना आणि रक्ताचा डाग उमटताना दिसतो.

दुसरं उदाहरण डुपाँचं 'व्हरायटी' (जर्मनी, १९२५). मूळ कथेत झुल्यावरचा कसरतपटू बॉस हुलर (एमिल जॅनिंग्ज) बायको-मुलाला टाकून एका तरुणीबरोबर पळतो, आणि पुढे ती तरुणी त्याला आर्टिनेलीपायी फसवते. म्हणजे दगा देणाऱ्यालाच दगा मिळतो. अमेरिकेत दाखवताना सुरुवातीचा भाग कापला आणि ती तरुणी त्याची बायकोच झाली. सगळा नैतिक हिशोब पालटला: आता तो निव्वळ फसलेला सज्जन. २०१५ची जर्मन-ऑस्ट्रियन पुनर्स्थापित प्रत मिळवा. हुलरला बातमी कशी कळते ते बघा. कोणी सांगत नाही. कॅफेच्या टेबलावर कोणीतरी काढलेलं त्याचं शिंगं असलेलं व्यंगचित्र त्याला दिसतं. गावाला आधी माहीत आणि नवऱ्याला शेवटी, हे एका खरडलेल्या चित्रात.

आपल्याकडचं सांगायचं तर तुमच्या विषयाचा सख्खा पूर्वज कोल्हापूरचाच आहे: बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सावकारी पाश', १९२५. ना. ह. आपट्यांची कथा, तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळात हा विषय घेणं केवढं धाडस होतं! या मूकपटाची प्रत टिकलेली नाही. १९३६चा त्याच नावाचा बोलपट पेंटरांनीच केला, पण तो वेगळा चित्रपट आहे, त्यावरून मूकपटाच्या मांडणीचे अंदाज बांधू नका.

जो बघता येतो तो 'प्रपंच पाश' (१९२९). दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, लेखक निरंजन पाल, चित्रण राजस्थानात. दोन राजे, एक मुलगी, आणि लबाडीचे फासे. हिमांशु राय यांचा सोहन हा राजा आतिथ्यशील भाऊबंद म्हणून वावरतो आणि पाठीमागे केसाने गळा कापतो. तिथंही सगळा भार एका वस्तूवर आहे, फाशांवर. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने पुनर्स्थापित केलेली प्रत नितीन साहनींच्या संगीतासह उपलब्ध आहे.

---

पेटीवादक

संगीताबद्दल थोडकंच. मित्र फ्रेममध्ये येताच खर्जात भयसूचक स्वर लावू नका, मग जुनीरिळं यांनी सांगितलेली पहिली अडीच मिनिटं वाया गेली. त्याला एक प्रेमळ धून द्या, पेटीवर, मध्यलयीत. कागद जळतो तेव्हा पूर्ण शांतता, दहा सेकंद. आणि पुढे तो पुन्हा घरी येतो तेव्हा तीच प्रेमळ धून जशीच्या तशी वाजवा, कोमल स्वर घालून तिला दुःखी करायचं नाही. समन्सच्या प्रसंगातही तीच. पाचशेचा आकडा तिला कळतो तिथून धून बंद, ती परत येत नाही.

---

माळरान

सगळ्यांचे आभार. कर्जरोख्याचा बदल घेतोय, पाट्या २१वर आल्या. एक अडचण उरली. बाईला वाचता येत नाही, गावातल्या बहुतेकांना येत नाही. मग रोखा खोटा आहे हे गावासमोर सिद्ध कसं व्हावं? मास्तरांनी वाचून दाखवायचं म्हटलं की पुन्हा चार पाट्या. आणि त्या काळचे कागद मोडीत असत. मोडी ठेवली तर आजचा प्रेक्षकही वाचू शकणार नाही.

---

कात्रीबाई

मोडीच ठेवा. आपल्यालाही वाचता येत नाही म्हणजे आपण बाईच्या शेजारी जाऊन बसलो. फक्त ‘५००’ हा आकडा वाचता येतो, आणि तेवढंच पुरेसं आहे. अगदीच गरज वाटली तर एक ओळ मोडीतून बाळबोधीत विरघळवा, दीड सेकंदाचा डिझॉल्व्ह.

वाचता न येणाऱ्यालाही दिसेल असा पुरावा कागदातच असतो. अंगठा आधी घेतला आणि मजकूर नंतर लिहिला, तर मजकुराला अंगठ्यापर्यंतच्या जागेत मावावं लागतं. वर ओळी ऐसपैस, खाली येता येता दाटी, शेवटच्या दोन ओळी बारीक आणि अंगठ्याला वळसा घालून गेलेल्या. खऱ्या कागदात अंगठा मजकुराच्या खाली, मोकळ्या जागेत उमटतो. हे दिसायला अक्षरओळख लागत नाही.

त्यासाठी पेरणी अंगठ्याच्या प्रसंगात करा. तिचा हात थरथरतो आणि ठसा खालच्या कोपऱ्याऐवजी कागदाच्या मध्याच्या जरा खाली पडतो. मित्र अर्धा सेकंद थांबतो, मग हसून ‘चालेल’ अशी मान हलवतो. प्रेक्षकाला ते तेव्हा फक्त तिचं कष्टाने थरथरणं वाटेल. लिहिण्याच्या प्रसंगात टाक जसजसा ठशाजवळ येतो तसतसं अक्षर आकसताना वरून दाखवा, चार सेकंद.

कागद हाती बनवताना: मजकूर लिहिणाऱ्याला आधी ठसा उमटवलेला कागदच द्या, मग दाटी आपोआप खरी येते. आधी लिहून नंतर अंगठा लावला तर ती कधीच जमत नाही. ठशाला शाईच्या पॅडची शाई वापरा, टाकाची दौतीतली शाई पसरते आणि रेषा भरून जातात. निळी शाई ऑर्थोसारख्या रंगात फिकी पडेल, काळीच घ्या. एकाच अंगठ्याचे सहा-सात कागद तयार ठेवा, कारण लिहिताना जवळून घ्यायचा तुकडा एका प्रयत्नात होणार नाही, आणि प्रत्येक कागदावर ठशाची जागा मोजून तीच ठेवा: खालच्या कडेपासून साडेतीन इंच, उजव्या कडेपासून दोन. जागा हलली तर आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांत दोन वेगळे कागद दिसतील, आणि तुमचा सगळा शेवट त्या एका ठशावर उभा आहे.

चावडीवर बाईने कागद हिसकावू नये. तिने कोरा कागद मागावा, सगळ्यांसमोर त्याच जागी अंगठा उमटवावा आणि टाक मित्राच्या हातात द्यावा. मग त्याच्या चेहऱ्यावर जायचं, बाईच्या नाही.